सकाळची माफी

दुभाषी बाईच्या तोंडचा ‘मी’ तिचा स्वतःचा नसतो, हे तिच्या नवऱ्याला एव्हाना कळायला हवं होतं. कामावर समोरचा बाप्या म्हणाला, ‘मी घर सोडून गेलो,’ की तिनेही दुसऱ्या भाषेत ‘मी घर सोडून गेलो’ असंच म्हणायचं. ‘हे म्हणतात की हे सोडून गेले’ असलं मधलं काही चालत नाही. धंद्याची रीतच तशी. त्यामुळे सकाळी दहापासून ही बाई कधी दाढीवाला नवरा व्हायची, कधी त्याची रडवेली बायको, कधी मध्येच तोंड घालणारी सासू. आपल्या भाषेत आणताना पुरुषाचं क्रियापदही घ्यावं लागे. बाईमाणूस गंभीर चेहऱ्याने ‘मी प्यायलो, मी चुकलो’ म्हणतंय हे ऐकून पहिल्या दिवशी लोक हसतात, दुसऱ्या दिवसापासून कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिचं ऑफिस म्हणजे संसार मोडण्याआधी शेवटचा उपाय म्हणून जोडप्यांना पाठवतात ते सल्ला केंद्र. तिच्या वाट्याला यायची ती दोन भाषांतली जोडपी. प्रेम जमवायला अर्धी भाषा पुरते, भांडायला मात्र अख्खी लागते, आणि ती अख्खी भाषा पुरवायला ही. खरं तर हे काम दोघींचं. थोडा वेळ एकीने बोलायचं, थोडा वेळ दुसरीने, कारण माणसाचं डोकं दोन भाषांत फार वेळ नाचू शकत नाही. पण जोडीदारीण बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि साहेब ‘बघू, बघू’ म्हणत राहिले. साहेबांनी बघितलं नाही. तेव्हापासून दोन्ही बाजूंनी ती एकटीच भांडत होती. संध्याकाळपर्यंत डोक्याचा भुगा झालेला असायचा. घरी कोणी ‘चहा घेणार का’ विचारलं तरी ‘हो’ हा शब्द शोधायला तिला आत कुठेतरी जाऊन यावं लागायचं.

आणि नेमका याच दिवसांत नवऱ्याने घोळ घातला.

तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सकाळी नेऊन सोडायचं, दुपारी घरचं माणूस आलं की घरी पाठवायचं, इतकं साधं. सकाळी ती स्वतः सोडून आली. दुपारी नवरा जाणार होता. तो पावाच्या कारखान्यात भट्टीवर होता, दुपारपर्यंत मोकळा व्हायचा. ‘तू काळजी करू नकोस, मी आहे ना,’ असं तो आदल्या दिवशी म्हणाला होता, आणि हे वाक्य त्याने म्हटलं नसतं तर पुढचं सगळं कदाचित सोपं गेलं असतं.

आई दवाखान्याच्या बाकावर एक डोळा बांधून बसून राहिली. पेशंट गेले, डॉक्टर गेले, फरशी पुसणारी बाई आली आणि ‘आजी, पाय वर घ्या’ म्हणाली. शेवटी वॉचमनने तिला फोन लावला. ती धावत पोचली तेव्हा आई त्या वॉचमनला त्याच्या मुलीच्या लग्नाबद्दल सल्ला देत होती. आईला घेऊन ती घरी आली, तर दारात नवरा उभा. अंगावर धुतलेला शर्ट, चेहरा पांढराफटक.

“विसरलो,” तो म्हणाला. “साफ विसरलो गं. चुकलो मी.”

विसरलो. नेमका हाच शब्द तिला लागला. उशीर झाला, बस चुकली, कामावर अडकलो, यातलं काहीही असतं तरी ती आरडाओरडा करून मोकळी झाली असती. पण विसरतात ती छत्री. बाकावर एक डोळा बांधून बसलेली म्हातारी कशी विसरतात? ती विसरायची तर आधी मनात तिला काही जागाच नसावी लागते. आणि आईला जागा नाही, म्हणजे मग आपल्याला तरी कितीशी आहे, असा तो विचार पुढे पुढे सरकत जायचा.

आईने मात्र घरात पाऊल टाकतानाच जावयाला माफ करून टाकलं होतं. “अगं, एका डोळ्याने माणसं बघत बसले, वेळ मजेत गेला,” ती म्हणाली. “तुझे वडील तर मला एकदा बसस्टँडवर विसरून आले होते. वर घरी येऊन शेजाऱ्यांना विचारतात, आज जेवायला कोण वाढणार? सोडून दे. मन मोठं कर.”

मन मोठं कर. हे जो तो सांगतो आणि स्वतः पंख्याखाली बसतो. मन म्हणजे काय पिशवी आहे, ताणली की मोठी होणारी? दिवसभर परक्या लोकांची रडारड वाहून नेल्यावर संध्याकाळी तिच्या मनात हात घातला तर तळ लागत होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, वैताग असा, की माफी तिच्याजवळ होती. फक्त ती सकाळी असायची. झोप झाली की डोकं धुतलेल्या पाटीसारखं व्हायचं, आणि अंथरुणात पडल्या पडल्या तिला वाटायचं, अरे, चुकतं माणूस. आई सुखरूप आहे, डोळा बरा आहे, तो बिचारा तोंड पाडून फिरतोय, पुरे आता. तिने शेजारी हात टाकावा तर उशी गार. नवरा पहाटेच्याही आधी भट्टीवर गेलेला असायचा. कामावर असताना त्याचा फोन कारखान्याच्या कपाटात बंद. तिची माफी ऐकायला घरात फक्त पंखा.

आणि संध्याकाळी ती घरी आली की तो समोर. दिवसभर धीर गोळा करून तयार. बिचाऱ्याची वेळही तीच. ती चपला काढतेय तोवर तो सुरू करायचा, “हे बघ, त्या दिवसाबद्दल मला बोलायचंय.” आणि तिला आणखी एका माणसाचं आणखी एक वाक्य कानात घ्यायचं म्हणजे भरल्या बादलीत लोटाभर पाणी. “नंतर,” ती म्हणायची. नंतर म्हणजे झोप, आणि झोपेनंतर तो नाही. सुट्ट्याही जुळत नव्हत्या. त्याची मंगळवारी, तिची रविवारी. मंगळवारी ती कामाला निघायची तेव्हा तो मेल्यासारखा पडलेला असायचा आणि रविवारी ती उठायच्या आत तो गेलेला, आणि तो परतेपर्यंत ती डोळ्यात थेंब घालायला आईकडे गेलेली.

एकदा तिने सकाळी शहाणपणा केला. अजून मन ताजं होतं तेव्हाच फोनवर दोन शब्द लिहून पाठवले: ‘जाऊ दे.’

संध्याकाळी तो फोन हातात धरून बसला होता. “कुणाला जाऊ दे? मला?”

यालाही कारण होतं. कारखान्याच्या मालकाने दूरच्या गावात नवी भट्टी घातली होती आणि तिथे दोन वर्षांसाठी जाणता माणूस हवा होता. मुकादमाने त्याचंच नाव पुढे केलं होतं. हे तिला माहीत होतं, पण त्या क्षणी तिला काहीच माहीत नव्हतं. एका घटस्फोटाच्या दोन्ही बाजू करून ती नुकतीच आली होती. “ज्याला जायचंय त्याला जाऊ दे,” ती म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.

तिथून गाडं आणखी बिघडलं. नवऱ्याने स्वतःच्या डोक्याने एक हिशेब मांडला आणि दुसऱ्या दिवशी तिला ऐकवला. “तू मला माफ केलं असशील तर मी मुकादमाला नाही म्हणतो. नसेल केलं तर जातो. रोज तुझ्यासमोर चुकलेलं तोंड घेऊन फिरण्यापेक्षा ते बरं. शनिवारी त्यांना सांगायचंय.”

तिला त्याने जायला नको होतं. यात तिच्या मनात कधीच शंका नव्हती. रागावलेली होती ती, पण दोन वर्षं त्या घरात एकटीने कुलूप उघडून शिरायचं ही कल्पनाच तिला सोसत नव्हती. हे बोलून दाखवायला फक्त एक जागं डोकं हवं होतं, आणि शनिवारच्या आत ते दोघांकडे एकाच वेळी येण्याची चिन्हं दिसत नव्हती.

शुक्रवारी ऑफिसात जे जोडपं आलं ते ती जन्मात विसरणार नव्हती. नवरा अख्खी दुपार बायकोची माफी मागत होता. कधी हात जोडून, कधी टेबलावर डोकं टेकून, एकदा तर खुर्चीवरून उतरून. ही खुर्चीवरच बसून, सरळ पाठीने, त्याच्या वतीने म्हणत होती, मी चुकलो, मला माफ कर, मी तुझ्याशिवाय राहू शकत नाही. बायको ढिम्म. मग बायको दोन तास बोलली, तेही हिनेच म्हटलं. शेवटी कशाने कोण जाणे बायको विरघळली, दोघं एकमेकांच्या गळ्यात पडली आणि हातात हात घालून निघूनही गेली. जाताना त्यांनी सल्लागार बाईंचे आभार मानले. हिच्याकडे कोणी बघितलंही नाही. त्यांचं प्रेम त्यांनी नेलं आणि शिणवटा तेवढा हिच्या डोक्यात ठेवून गेले.

घरी आली तर नवऱ्याने घर आवरलेलं, जेवण झाकून ठेवलेलं, टेबलाशी दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या. त्या खुर्च्या पाहूनच तिच्या पाठीतून कळ गेली. ती बसली. फ्रिज डाव्या हाताला, ऑफिसात दुसरा पक्ष बसतो तिथे, घरघरत होता.

त्याने घसा साफ केला. “मी चुकलो,” तो म्हणाला. “मला माफ कर. मला तुझ्याशिवाय तिकडे करमणार नाही.”

आणि तिने, पाठ सरळ करून, मान फ्रिजकडे वळवून, ऑफिसच्या सपाट आवाजात म्हटलं, “मी चुकलो. मला माफ कर. मला तुझ्याशिवाय तिकडे करमणार नाही.”

भाषा बदलायचंही त्राण उरलं नव्हतं. जसंच्या तसं, ‘चुकलो’सकट.

नवऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. “हे काय?”

“हे काय?” तिने फ्रिजला विचारलं.

मग तिच्या लक्षात आलं. पण तोवर त्याच्या चेहऱ्यावरून सगळा धीर उतरून गेला होता. “नक्कल करतेस माझी?” तो हळूच म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. “इतके दिवस मी जीव गोळा करून बोलतोय आणि तू माझी नक्कल करतेस?”

आता इथे तिने समजावून सांगायला हवं होतं. अरे, नक्कल नाही, ही माझ्या कामाची सवय आहे, डोकं गेलंय माझं, एवढीच दोन वाक्यं. पण वाक्य म्हटलं की कर्ता आला, क्रियापद आलं, ते सगळं जुळवायला आत कोणी जागं हवं. तिने आत हाक मारली, कोणी ओ दिली नाही. “नाही रे,” एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि तेही असं, की हो म्हटलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं.

“ठीक आहे,” तो उठला. “उद्या त्यांना हो म्हणून टाकतो.”

ती जेवली नाही. साडीची पिनसुद्धा न काढता आडवी झाली.

सकाळी डोळे उघडले आणि सगळं लख्ख दिसलं. फ्रिज, खुर्च्या, त्याचं तोंड. ती ताडकन उठून बसली. शेजारची उशी नेहमीप्रमाणे गार होती. रोज या वेळी ती माफी देत बसायची, वरातीमागून घोडं हाकल्यासारखी. आज तिला स्वतःचाच असा संताप आला की तिने तोंडावर पाणी मारलं, चपला घातल्या आणि बस पकडली. दहाला ऑफिस होतं. असू दे.

कारखान्याच्या मागच्या अंगाला ताज्या पावाचा वास आणि भट्टीची धग एकदमच अंगावर आली. दाराशी मुकादम पत्र्याचे ट्रे मोजत उभा होता. जाड्या, घामेजलेला, कानामागे पेन्सिल.

“पाव हवे असतील तर दुकान पुढच्या बाजूला आहे, बाई.”

“पाव नकोत. नवरा हवाय,” तिने कोण ते सांगितलं.

मुकादमाने तिला नीट पाहून घेतलं. “बरं झालं आलात. आज त्याचं डोकं ठिकाणावर नाही. एका घाण्यात दोनदा मीठ घातलं त्याने. एवढे पाव फेकून दिले मी.”

“तो काही बोलला का तुम्हाला? नव्या भट्टीचं?”

“हा घाणा उतरला की सांगतो म्हणाला. पाठवतो त्याला. लवकर आटपा, मला मालकाला फोन करायचाय.”

नवरा बाहेर आला. भुवयांवर पीठ, डोळे लाल, हात कोपरापर्यंत पांढरे. तिला पाहून त्याला आनंद झाला नाही, रागही आला नाही. तो भिंतीला टेकला.

बसमध्ये तिने सगळं भाषण जुळवलं होतं. “हे बघ, काल मी नक्कल केली नाही. ती कामाची सवय आहे. दिवसभर दुसऱ्यांचं बोलून बोलून—”

“आत्ता नको,” तो म्हणाला.

“आत्ता नको म्हणजे? आत्ताच तर—”

“मला आत्ता काही कळत नाहीये. नव्या भट्टीवर माणसं गेल्यापासून दोघांचं काम एकट्याने करतोय. तू बोलतेस ते कानात जातंय, पुढे जात नाही. संध्याकाळी बोलू.”

हे वाक्य तिचं होतं. गेले कित्येक दिवस ती हेच म्हणत होती, फक्त इतक्या नीट शब्दांत तिला जमलं नव्हतं. तिला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना.

“संध्याकाळी मी नसते,” ती म्हणाली. “घरी येते ते फक्त माझं शरीर. सकाळी मी असते, तर तू नसतोस. मग आपण बोलायचं कधी रे? आपल्यालाही दुभाषा ठेवायचा का? विसरलास, ठीक आहे, विसरलास. आईला माझ्या विसरलास, म्हणून मला—”

“विसरलो नव्हतो मी.”

“काय?”

“झोप लागली होती.” त्याने डोळे मिटले, उघडले. “घरी आलो, आंघोळ केली, शर्ट बदलला. आईंसमोर पिठाचं अंग घेऊन कसं जायचं म्हणून. बूट घालायला खाली बसलो. एक घातला. दुसरा हातात होता. डोळे उघडले तर बाहेर अंधार.”

“मग विसरलो का म्हणालास?”

“काय सांगायचं होतं? तुझी आई बाकावर आणि मी घोरत होतो? तू मला घरात घेतलं असतंस?” तो थकून बोलत होता, त्यामुळे काही सजवत नव्हता. “विसरलो हे त्यातल्या त्यात बरं वाटलं तोंडाला. माणसं विसरतात.”

गाढवा, तिच्या मनात आलं, आणि मग ती ते मोठ्याने म्हणालीच. “गाढवा. माणसं विसरत नाहीत. माणसं झोपतात.” तिचा आवाज चिरकला. इतके दिवस ती एक डोंगर उचलायला बघत होती, रोज संध्याकाळी हात लावायचा आणि टेकून बसायचं, आणि तो डोंगर तिथे नव्हताच. विसरलेला नवरा तिला माफ करता येत नव्हता. हातात बूट धरून पेंगलेला नवरा मात्र तिला अगदी आतून माहीत होता. काल ती स्वतः साडीच्या पिनेसकट तशीच पडली होती.

“तुला जायचंय का तिकडे?” तिने विचारलं.

“नाही.”

“नक्की?”

“नाही जायचं मला. कितीदा सांगू? पण तू माफ—”

“थांब. माफीचं बोलू नकोस, नीट ऐक आता. झोप लागली त्याचा मला राग नाही. खोटं बोललास, त्याचा आहे, आणि तो बराच आहे. आई एक दुपार बाकावर बसली, मला तर तू इतके दिवस बसवून ठेवलंस. आईला माझ्या जागा नाही तुझ्या मनात, असं समजून मी काय काय विचार केला माहीत आहे तुला? तो राग मी काढणार आहे. पण त्यासाठी तू इथे लागशील. दोन वर्षं तिकडे जाऊन बसलास तर मी भांडू कोणाशी? भिंतीशी? मी आजच साहेबांना सांगते, दुसरी बाई आणा नाहीतर दुपारनंतर मी येणार नाही. आणि तू मुकादमाला सांगायचंस, की—”

त्याने डोळे मिटले होते. तिला वाटलं, विचार करतोय. मग तिच्या लक्षात आलं, त्याचं डोकं भिंतीला टेकलंय, तोंड किंचित उघडं आहे आणि श्वास संथ पडलाय. ती बोलत असताना, अगदी तिच्या बोलण्याच्या मधोमध, तो उभ्या उभ्या झोपला होता. गुडघे हळूहळू वाकायला लागले होते.

तिने पुढे होऊन त्याच्या छातीवर तळहात दाबून धरला आणि त्याला भिंतीशी सांभाळलं. हातभर पीठ लागलं. दहाचं ऑफिस केव्हाच हातचं गेलं होतं.

दारातून मुकादम डोकावला, कानामागची पेन्सिल हातात घेऊन. “काय मग? मालक फोनवर आहेत. जायचं म्हणतोय की नाही?”

“नाही,” ती म्हणाली. “आणि जरा हळू बोला. झोपलाय तो.”